टीव्हीवरचा हॅकर आणि फोनवरचा साहेब

जून २०२२ मधला शनिवार. कोल्हापुरात दोन दिवस पावसाची रिपरिप चालू होती. आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या डाव्या अंगाला स्लॅबला ओल आली होती आणि तिच्याखाली प्लास्टिकची बादली ठेवलेली. वॉटरप्रूफिंगवाल्याशी बोलणं झालं होतं. उघडीप मिळाली की सोमवारी येतो म्हणाला होता. त्याला द्यायचे पैसे मी ठेव मोडून बचत खात्यात आणून ठेवले होते. हे आधीच सांगतोय, कारण पुढे गेले ते हेच पैसे.

भाचा सुट्टीला आला होता. तेव्हा तो पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. जेवणं झाल्यावर म्हणाला, "मामा, तो तुमचा हॅकरचा पिक्चर लावा की आज."

तो पिक्चर म्हणजे ‘स्वॉर्डफिश’. २००२ साली पुण्यात होस्टेलवर असताना कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर मी तो पहिल्यांदा पाहिला आणि त्याच आठवड्यात आणखी दोनदा. दुसरी डिस्क मध्येच अडकायची, ती बनियनला पुसून परत घालायची. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात बुककीपिंग शिकवतो, दोन पोरांचा बाप आहे, तरी तो पिक्चर लागला की हातातलं काम ठेवून बसतो. माझं त्याच्यावर प्रेम आहे आणि ते या सगळ्या प्रकारानंतरही कमी झालेलं नाही. पण वीस वर्षं हा पिक्चर माझ्या डोक्यात एक चित्र पेरत राहिला आणि त्या चित्राने ऐन वेळी माझा घात केला, हेही तितकंच खरं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिग्दर्शक डॉमिनिक सेना, निर्माता जोएल सिल्व्हर, म्हणजे ‘डाय हार्ड’ आणि ‘मेट्रिक्स’वाला. अमेरिकेत हा जून २००१ मध्ये लागला. जॉन ट्रव्होल्टा खलनायक गॅब्रिएल, ह्यू जॅकमन हॅकर स्टॅन्ली, सोबत हॅली बेरी आणि डॉन चीडल. स्टॅन्लीने एफबीआयची ‘कार्निव्होर’ ही ई-मेलवर पाळत ठेवणारी यंत्रणा बिघडवलेली असते, त्यासाठी तो तुरुंगात जाऊन आलेला असतो आणि आता त्याला कॉम्प्युटरला हात लावायचीही बंदी आहे. कार्निव्होर ही यंत्रणा खरोखरच होती आणि २००० साली तिच्यावरून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला होता. स्टॅन्लीची मुलगी घटस्फोटित बायकोकडे आहे. तिला परत मिळवायला वकील हवा, वकिलाला पैसा हवा. तो पैसा गॅब्रिएल देऊ करतो. बदल्यात सरकारच्या एका जुन्या गुप्त मोहिमेचे साचत गेलेले साडेनऊशे कोटी डॉलर बँकेतून काढून द्यायचे. त्या मोहिमेचं नाव स्वॉर्डफिश. हे नाव आलं ते १९३२ च्या ‘हॉर्स फेदर्स’ या मार्क्स बंधूंच्या विनोदी चित्रपटातून. त्यात चोरट्या दारूच्या गुत्त्यात शिरायचा परवलीचा शब्द ‘स्वॉर्डफिश’ असतो.

सुरुवात अजूनही अंगावर काटा आणते. ट्रव्होल्टा कॉफी पीत, सिगार ओढत समोरच्या पोलिसांना हॉलीवूड किती टुकार पिक्चर काढतं यावर व्याख्यान देतो. १९७५ च्या ‘डॉग डे आफ्टरनून’ची तारीफ करतो. मग उठून रस्ता ओलांडून बँकेत जातो आणि तेव्हा कळतं की आत ओलीस आहेत, प्रत्येकाच्या अंगावर स्फोटकं आणि छर्रे बांधलेत. एका ओलीस बाईला पोलीस ओढून बाजूला नेतात आणि स्फोट होतो. कॅमेरा त्या स्फोटाभोवती संथ फिरतो. हवेत गाड्या, काचा, छर्रे थिजलेले. शंभरावर स्थिर कॅमेरे ओळीने लावून तो प्रसंग टिपलाय. एवढ्या पाच मिनिटांसाठी मी हा पिक्चर कुणालाही दाखवेन.

तर त्या रात्री आम्ही पोहोचलो होतो पुढच्या प्रसिद्ध प्रसंगापर्यंत. गॅब्रिएल स्टॅन्लीची परीक्षा घेतो. जगातले पट्टीचे लोक हे कुलूप साठ मिनिटांत फोडतात, मला साठ सेकंदांत फोडणारा हवाय, असं सांगून तो त्याला लॅपटॉपसमोर बसवतो आणि डोक्याला पिस्तूल लावायला लावतो. कुलूप अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं. स्टॅन्लीची बोटं कळफलकावर नुसती पळत असतात.

तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज आला. इंग्रजीत होता. मागच्या महिन्याचं बिल अपडेट न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, ताबडतोब विद्युत अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली दहा आकडी मोबाइल नंबर. घड्याळात नऊला पाच कमी. बाहेर पाऊस, घरात ऐंशी वर्षांची आई, आणि बिल तर मी चार तारखेलाच फोनवरून भरलेलं. मी रिमोट घेऊन पिक्चर थांबवला आणि त्या नंबरवर स्वतः फोन लावला.

स्वतः लावला, हे लक्षात ठेवा. अनोळखी माणसाचा फोन आला की आपण सावध असतो. आपण लावलेल्या फोनवर मात्र समोरचा साहेब आहे, हे आपण आधीच मान्य केलेलं असतं.

"नमस्कार सर, बोला."

"अहो, बिल भरलंय मी चार तारखेला. मग लाइट कसली तोडताय?"

"हो सर, भरलंय तुम्ही, मला इथं दिसतंय. फक्त सिस्टिमला अपडेट झालेलं नाही. तुमची काही चूक नाही सर, आमच्या सिस्टिमची चूक आहे."

सरकारी कामात आजवर मला कुणी इतक्या पटकन ‘आमची चूक’ म्हटलेलं नव्हतं. माझा सगळा राग तिथेच उतरला.

"घरी कोणी वयस्कर आहे का सर?"

"आई आहे."

"मग अजिबात काळजी करू नका. मी लाइनमनला थांबवून ठेवतो. पण साडेनऊच्या आत करून घेऊ या."

आवाज तिशीतला, भाषा स्वच्छ, मागे ऑफिसात असते तशी कुजबुज. त्याने एक अॅप घ्यायला लावलं, ‘कस्टमर सपोर्टचं आहे’ म्हणाला. अॅप उघडल्यावर एक नऊ आकडी क्रमांक दिसला, तो वाचून दाखवायला सांगितला. मग एक लिंक आली. तिथे दहा रुपये भरायचे, म्हणजे सिस्टिम जागी होऊन जुनं बिल आपोआप अपडेट होईल. मी कार्डचा नंबर टाकला, मागचे तीन आकडे टाकले. ओटीपी आला. मी क्षणभर थांबलो. माझं थांबणं त्याने ओळखलं असणार, कारण तो म्हणाला, "सर, ओटीपी मला सांगू नका हं. ओटीपी कोणालाच सांगायचा नसतो."

या एका वाक्याने माझा पुरता विश्वास बसला. जो माणूस ओटीपी सांगू नका म्हणतो तो चोर कसा असेल? ते अॅप माझी अख्खी स्क्रीन त्याला दाखवत होतं आणि ओटीपीचा मेसेज माझ्याबरोबर तोही वाचत होता. त्याला विचारायची गरजच नव्हती.

४९,९९९. पुन्हा ४९,९९९. मग ४८,०००. तीन मेसेज एकापाठोपाठ आले आणि तो अजूनही शांतपणे सांगत होता, "ते टेम्पररी आहे सर, रिव्हर्स होतंय, फोन कट करू नका." आईसाठी दूध गरम करायला गेलेला भाचा पेला घेऊन बाहेर आला. माझ्या हातातल्या फोनकडे त्याची नजर गेली आणि तो ओरडला, "मामा, तुमची स्क्रीन शेअर होतीय!" फोन हिसकावून त्याने आधी नेट बंद केलं. मग त्याच्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड बंद करवलं आणि लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. साडेनऊ वाजले. लाइट गेली नाही.

टीव्हीवर ह्यू जॅकमन अजून तसाच थिजलेला होता, बोटं कळफलकावर, पिस्तूल डोक्याला. रात्री अकरा वाजता तक्रार नोंदवून झाल्यावर मी टीव्ही बंद करायला उठलो आणि त्या चित्राकडे बघत उभा राहिलो. वीस वर्षं मी हॅकर म्हणजे हा माणूस समजत होतो. बोटांना वीज लागलेला, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं धाववणारा, अमेरिकेतला. माझी लढाई कधी त्याच्याशी होणारच नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो. आणि माझ्या घरात शिरला तो ‘जेवण झालं का सर’ या थाटात बोलणारा एक सभ्य आवाज.

पुढचे तीन आठवडे मी कॉलेजात कुणाला काही बोललो नाही. जमाखर्च शिकवणारा मास्तर, याचेच पैसे गेले, हे कसं सांगायचं? त्या गप्प बसण्याचं मला आज सर्वात जास्त वाईट वाटतं, कारण त्याच दिवसांत आमच्या कॉलेजातल्या एका शिपाईमामांना तसाच मेसेज आला आणि त्यांचे अकरा हजार गेले. मी स्टाफरूममध्ये तोंड उघडलं असतं तर ते वाचले असते. तुमच्याबाबतीत असं काही घडलं तर दुसऱ्याच दिवशी चार लोकांत सांगा. लाज चोराला वाटायला हवी.

त्या पावसाळ्यात मी तो पिक्चर वही घेऊन परत पाहिला, भाच्याला शेजारी बसवून. कुठे कुठे आपल्याला फसवलंय ते एकदा नीट मांडून बघावं, असं मनात होतं.

साठ सेकंदांचाच हिशेब घ्या. पिक्चरमध्ये सांगतात की कुलूप १२८ बिटचं आहे. १२८ बिटच्या कुलपाला किती वेगवेगळ्या किल्ल्या संभवतात, तर ती संख्या एकोणचाळीस आकडी आहे. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून बघणारं यंत्र आणलं, तरी सगळ्या संपायला सुमारे एक लाख कोटी कोटी वर्षं लागतील. विश्वाचं आजचं वय १,३८० कोटी वर्षं धरतात. हे भाच्याने कागदावर करून दाखवलं आणि मी बुककीपिंगच्या सवयीने दोनदा तपासलं. खऱ्या जगात कुलूप असं ताकदीने फोडल्याचं नावाजलेलं उदाहरण १९९८ चं आहे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने खास एक यंत्र बांधलं आणि ५६ बिटचं जुनं सरकारमान्य कुलूप ५६ तासांत उघडून दाखवलं. हे कुलूप आता पुरेसं नाही, हे सरकारला पटवणं एवढाच त्यांचा हेतू होता. दर एका बिटामागे काम दुप्पट होतं. ५६ पासून १२८ पर्यंत ते बहात्तर वेळा दुप्पट करत जा, म्हणजे स्टॅन्लीच्या साठ सेकंदांना काय अर्थ आहे ते कळेल.

मग तो सात पडद्यांचा प्रसंग. स्टॅन्लीला मोठ्या हॉलमध्ये सात मॉनिटर मांडून दिलेत. तो वाइन पितो, खुर्चीत गोल फिरतो, गाण्यावर नाचतो आणि पडद्यावर रंगीत घन ठोकळे एकमेकांना चिकटत चिकटत एक विषाणू तयार होतो. भाचा हसून हसून आडवा झाला. म्हणाला, "मामा, आम्ही रात्रभर एक स्वल्पविराम शोधत बसतो हो!" प्रोग्राम लिहिणं म्हणजे वाचणं, चुकणं, पुसणं, परत वाचणं. त्यात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून दिग्दर्शकाने ठोकळे आणले. मला ते ठोकळे अजूनही आवडतात. वृंदावनी पोशाखातला कृष्ण रंगमंचावर यावा तसा तो एक नाटकी संकेत आहे, तो संकेत म्हणून घेतला की मजा येते. खरा म्हणून घेतला की गफलत होते, आणि मी खरा म्हणून घेतला होता.

शेवटाकडे तर ओलिसांनी भरलेली आख्खी बस हेलिकॉप्टरने उचलून लॉस एंजेलिसच्या उंच इमारतींमधून झुलवत नेतात. ती एका इमारतीला जाऊन आपटतेही. इथे मी वही मिटून ठेवली. हा प्रसंग खोटा आहे हे कुणालाही सांगावं लागत नाही, त्यामुळे त्याने कुणाचं नुकसान होत नाही. बस उडताना बघून आपण दुसऱ्या दिवशी एसटीत बसायला घाबरत नाही. कळफलकाचा प्रसंग मात्र खोटा आहे हे सामान्य माणसाला कळतच नाही. पिक्चरमधल्या कोणत्या खोटेपणापासून सांभाळायचं, तर ज्याची पारख आपल्याकडे नाही त्याच्यापासून.

आणि पिक्चरवाल्यांना खरं दाखवताच येत नाही असंही नाही. २००३ च्या ‘मेट्रिक्स रीलोडेड’मध्ये ट्रिनिटी वीजकेंद्राच्या यंत्रणेत शिरते तेव्हा ‘एनमॅप’ हे खरं साधन वापरते आणि ज्या फटीतून घुसते ती फटही दोनच वर्षांपूर्वी खरोखर सापडलेली होती. प्रसंग काही सेकंदांचाच आहे, तरी जाणकार आजही त्याचं नाव काढतात. पिक्चरचं वजनही साधं नसतं. १९८३ मध्ये ‘वॉरगेम्स’ पाहून राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी आपल्या सेनाधिकाऱ्यांना विचारलं होतं, असं खरंच होऊ शकतं का? चौकशीत उत्तर होकारार्थी आलं आणि पुढच्या वर्षी सरकारी संगणकांच्या सुरक्षेचा आदेश निघाला. म्हणजे कशाची भीती बाळगायची हे पिक्चर ठरवतात, अगदी व्हाइट हाउसपर्यंत. तिथे माझ्यासारख्या माणसाची काय कथा?

स्टॅन्लीवर कॉम्प्युटरबंदी आहे, ती कल्पना हवेतली नाही. केव्हिन मिटनिक हा अमेरिकेतला गाजलेला हॅकर १९९५ मध्ये पकडला गेला, जानेवारी २००० मध्ये सुटला आणि सुटल्यावर तीन वर्षं त्याला कॉम्प्युटर वापरायला अशीच बंदी होती. सुटल्यानंतर दोन महिन्यांच्या आत सिनेटच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली. तिचा मथितार्थ असा, की माणसांना बोलण्यात गुंतवून माहिती काढणं मला इतकं जमायचं की यंत्रणा फोडायची वेळ क्वचितच आली. तो कंपन्यांना फोन करायचा, आपण त्यांच्यातलेच असल्यासारखा बोलायचा, आणि समोरची माणसं त्याला हवं ते देऊन टाकायची. ‘स्वॉर्डफिश’ लागण्याच्या वर्षभर आधी ही साक्ष जाहीरपणे झाली होती. निर्मात्यांनी त्याच्यावरची बंदी तेवढी उचलली, टेलिफोन सोडून दिला.

खरा मोठा दरोडा कसा पडतो तेही मी मग वाचून काढलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे पैसे पाठवायचे खोटे आदेश गेले, सुमारे ९५ कोटी डॉलरचे. चोर बँकेच्या यंत्रणेत शिरून महिनोन्‌महिने शांत बसलेले होते. त्यांनी गुरुवारची रात्र निवडली, कारण शुक्रवार-शनिवार ढाक्याला सुट्टी आणि नंतर न्यूयॉर्कला. ज्या प्रिंटरवर व्यवहारांची नोंद उमटायची तो आधीच बंद पाडला होता. श्रीलंकेला जाणारा एक आदेश अडकला तो ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकलं म्हणून. फिलिपिन्सला गेलेले आठ कोटी दहा लाख डॉलर मात्र कॅसिनोंमध्ये जिरले. बंद प्रिंटर, सुट्ट्यांचं कॅलेंडर आणि एक चुकलेलं स्पेलिंग. यावर पिक्चर काढला तर मी पहिल्या दिवशी जाईन.

आणि आमच्या दाराशी घडलेलं? ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला आणि ९४ कोटी रुपये गेले. शनिवारी दुपारपासून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे उपसले गेले, दोन दिवसांनी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला वळवले गेले. देशातल्या ज्या एटीएममधून रक्कम निघाली त्यात आमच्या कोल्हापुरातलीही होती. ती बातमी मी तेव्हा पेपरात वाचली होती आणि डोळ्यांपुढे आणलं होतं ते सात पडद्यांसमोर बसलेलं कुणीतरी. प्रत्यक्षात आमच्याच शहरातल्या एटीएमपुढे, माणसं जशी रोज रांगेत उभी असतात तशी, खिशात कार्डं घेऊन काही माणसं उभी होती. कुणाला त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघावंसं वाटलं नसेल.

आता ज्या गोष्टीसाठी हा पिक्चर मला अजूनही मोलाचा वाटतो ती सांगतो. त्यात गॅब्रिएल एका ठिकाणी जादूगार हुदिनीची गोष्ट काढतो. भरल्या थिएटरात हुदिनी हत्ती गायब करायचा. ही गोष्ट खरी आहे. ७ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोममध्ये त्याने जेनी नावाची हत्तीण हजारो लोकांसमोर नाहीशी केली होती. गॅब्रिएल सांगतो, की सगळी करामत लक्ष दुसरीकडे वळवण्यात असते. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं की मन विश्वास ठेवतं. पूर्ण पिक्चर याच एका कल्पनेवर उभा आहे आणि शेवटही त्यावरच होतो. आपल्याकडे याला नजरबंदी म्हणतात. लहानपणी जादूगार रघुवीर यांच्या घराण्याचा प्रयोग पाहायला वडिलांनी नेलं होतं, तेव्हा त्यांनी मला कानात सांगितलेलं आठवतं, "तो ज्या हाताकडे बघायला लावतोय त्या हाताकडे बघू नकोस."

तीन वेळा व्हीसीडीवर, आणि नंतर टीव्हीवर कितीदा तरी, मी तो हुदिनीचा प्रसंग ऐकला. आवडीने ऐकला. पण ते सूत्र बँकलुटीचं आहे असं समजून सोडून दिलं. फोनवरच्या साहेबाने माझ्याबाबतीत तेच केलं. मला बघायला लावलं घड्याळाकडे, साडेनऊकडे, लाइनमनकडे, आईकडे. ओटीपी सांगू नका म्हणून ओटीपीकडे बघायला लावलं. आणि दुसऱ्या हाताने माझी स्क्रीन उचलून नेली.

म्हणून आता अकरावीच्या पहिल्या आठवड्यात मी एक तास यासाठी राखून ठेवतो. मुलांना सांगतो ते इथेही सांगतो. समोरचा तुम्हाला वेळेची मुदत घालतोय असं वाटलं की हातातला फोन ठेवून द्या आणि पाच मिनिटं घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोला. खरी वीज कंपनी, खरी बँक पाच मिनिटांनी तुमचं काही बिघडवत नाही. फसवणाऱ्याला मात्र ती पाच मिनिटं परवडत नाहीत. मेसेजमधल्या नंबरवर फोन लावू नका, नंबर छापील बिलावरून किंवा पासबुकावरून घ्या. फोनवर बोलता बोलता कुणी अॅप घ्यायला सांगितलं तर ते कशाचंही असो, घेऊ नका. पैसे येण्यासाठी किंवा नोंद दुरुस्त होण्यासाठी दहा रुपयेसुद्धा भरावे लागत नाहीत. घरखर्चाचं खातं आणि साठवलेल्या पैशांचं खातं वेगळं ठेवा, आणि साठवणीच्या खात्याचं कार्ड फोनवरच्या व्यवहारांसाठी बंद करून ठेवा. बँकेच्या अॅपमध्ये ही सोय असते. मी ती तेव्हा केली असती तर स्लॅब त्याच जूनमध्ये झाला असता.

आणि घात झालाच तर कपाळाला हात लावून बसू नका. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम असा आहे, की ग्राहकाच्या हयगयीमुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे एकेका मिनिटाला किंमत आहे. तक्रार नोंदवल्याचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. बँकेच्या मेसेजचे फोटो काढून ठेवा, ते अॅप काढून टाकायच्या आधी त्याच्यावरच्या नऊ आकड्यांचासुद्धा. आम्ही घाईत अॅप काढून टाकलं होतं, पोलिसांनी पहिल्यांदा तेच विचारलं.

पिक्चर बघणं मात्र सोडू नका. आम्ही सोडलेलं नाही. दिवाळीत भाचा आला की आम्ही तो स्फोटाचा प्रसंग लावतोच. आता फक्त एक केलंय, पिक्चर संपला की पाच-दहा मिनिटं त्यावर बोलतो, आईलाही बसवून. मागच्या वेळी तीच म्हणाली, "एवढं टकटक करण्यापेक्षा त्या बँकेतल्या मॅनेजरला फोन लावायचा की." मिटनिकने सिनेटपुढे सांगितलं ते याहून वेगळं नव्हतं.

माझ्या तीन रकमांपैकी पहिल्या दोन गेल्या त्या गेल्याच, ९९,९९८ रुपये. तिसरी, ४८,००० ची, एका वॉलेटमध्ये होती. भाच्याने वीस मिनिटांच्या आत १९३० ला कळवल्यामुळे ती तिथेच गोठवली गेली आणि सात महिन्यांनी परत मिळाली. त्याच पैशांत थोडी भर घालून पुढच्या एप्रिलमध्ये स्लॅबचं काम करून घेतलं. तुम्ही हे वाचताय तर आज रात्रीच एक करा. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाचा फोन हातात घ्या, त्यात १९३० हा नंबर स्वतः घालून द्या, आणि तो कशासाठी आहे ते त्यांच्या शेजारी बसून सांगा.